माझी उत्कृष्ट साथसंगत

सांगतो, पण एका अटीवर. चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा मेहुण्याच्या नाकातून चहा बाहेर आला होता आणि त्याचा डाग अजून माझ्या शर्टावर आहे.

तर मी वीज खात्यात लायनमन. पेडणे तालुक्यातल्या अर्ध्याअधिक खांबांवर चढलोय. वादळात चढलोय, खाली कुत्रा वाट बघत बसलेला असताना चढलोय, पण कधी घाबरलो नाही. आयुष्यात एकदाच घाबरलो. कुठे म्हणाल? अठरा पोरांच्या शेजारी, जमिनीवर, मांडी घालून बसलो असताना!

सगळा दोष एका फोटोचा. आमच्या गावात भजनी सप्ताह असतो. पेटीवर दाजीबुवा. एके वर्षी बुवा चहा प्यायला उठला आणि मला म्हणाला, "बस रे हंय मिनीटभर, माझो जागो धर."

मी बसलो. पेटीवर हात ठेवले, कारण दुसरे कुठे ठेवणार? तेवढ्यात मला आली जांभई, डोळे मिटले आणि नेमका भाच्याने फोटो काढला. फोटोत काय दिसतं? सुरात बुडालेला कलावंत! बायकोने तो मोठा करून भिंतीवर लावला. म्हणाली, "एवढे बरे तुमी आपल्या लग्नातय दिसाक नाय."

माझी मुलगी सानवी हा फोटो बघत मोठी झाली. "माझे पप्पा पेटी वाजयतत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी कधी खुलासा केला नाही. तुम्ही केला असता? पोरीला बाप मोठा वाटतो ती वर्षं मोजकीच असतात हो.

सानवी तिसरीत गेली आणि घोडं पेंड खायला लागलं. तिच्या सरकारी प्राथमिक शाळेत मुलं एकूण अठरा. त्यांच्या परबबाई मोठ्या हौशी. संगीताचा वेगळा शिक्षक नाही, म्हणून स्वतःच टाळ्या वाजवून मुलांना गाणी शिकवतात. त्यांनी कुर्ल्यांवर, म्हणजे खेकड्यांवर, एक गाणं रचलं आणि तालुक्याच्या समूहगान स्पर्धेत शाळेचं नाव घातलं. पहिल्यांदाच! पेटीच्या साथीला अर्थात दाजीबुवा; त्याचा नातूही याच शाळेत.

आणि स्पर्धेला पंधरा दिवस असताना बुवा विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरला. उजवा हात प्लास्टरमध्ये.

नियम असा की साथीला पेटी हवीच, आणि वाजवणारा शाळेतला नाहीतर मुलांच्या घरचा हवा. बाईंनी वर्गात विचारलं, "कुणाच्या घरी पेटी वाजवतात?" हात कुणाचा वर गेला असेल ते सांगायला नको.

बाईंचा फोन आला तेव्हा मी खांबावर होतो. "अहो, तुम्ही पेटी वाजवता हे एवढी वर्षं लपवून ठेवलंत?" मी म्हटलं, "बाई, तसं नाही, ते म्हणजे..." तेवढ्यात त्यांनी फोन सानवीकडे दिला.

"पप्पा, हो म्हणा हां. मी सगळ्यांका सांगलंय."

काय करणार? खाली पडलो असतो तरी एवढं लागलं नसतं. मी "हो" म्हटलं.

संध्याकाळी सरळ दाजीबुवाकडे गेलो, बरोबर सानवीलाही नेलं. तिला म्हटलं, जरा उजळणी करतो. उजळणी! मुळात धडाच गिरवला नव्हता. बुवाने एका हाताने पेटी पुढे सरकवली. मी भाता धरला आणि सायकलच्या पंपासारखा हाणला. बुवाच्या अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. खोटं सांगत नाही, एक तर दोन दिवस अंड्यावर बसली नाही.

"अरे, बोटां ती काय पक्कड?" बुवा ओरडला. "हळू! आणि पोरांच्या फाटसून जा. फुडे धावू नको."

सानवी पेटीला नाक लावून बसली होती. "बुवा, ह्यो फुडल्यो खुंटयो कित्याक?"

"ह्यो भायर ओढल्यो काय सूर येता. भितुर ढकलल्यो काय पेटी मुकी."

ती "हां" म्हणाली आणि एक खुंटी आत-बाहेर करून बघितली. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष होतं काळ्या पट्ट्यांकडे. त्या एवढ्या का असतात आणि सगळ्या माझ्याच बोटाखाली का येतात, हे मला अजून कळलेलं नाही.

दहा दिवस रोज शिकलो. जेवण जाईना. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालायची. बायको म्हणाली, "खाऊक बसलात काय टाईप करूक?"

मग शाळेत तालीम झाली. मुलं अशी गोड गात होती की काय सांगू! मी पेटी सुरू केली आणि सगळी गाडी रुळावरून घसरली. निम्मी मुलं बाईंच्या सुरात, निम्मी माझ्या, आणि मी कुणाच्याच नाही. पहिलीतल्या एका चिमुरडीने दोन्ही कानांवर हात ठेवले. तिच्या प्रामाणिकपणाला मी आजही मानतो.

परबबाई फार सभ्य. म्हणाल्या, "छान... आज पेटी जरा दमट असेल."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "बाई, माझी त्या दिवशी नेमकी ड्युटी लागेल असं वाटतंय."

बाईंचा चेहरा उतरला. "अर्जात तुमचं नाव गेलंय हो. साथीदार नसेल तर आपली शाळा बाद. मुलं महिनाभर मधल्या सुट्टीतसुद्धा गातायत..."

संपलं.  घरी येताना सानवीने विचारलं, "पप्पा, तुमका भिया वाटता?"

"छे गो! खांबार चडणारो मनीस मी!" असं मी म्हटलं खरं. बायकोने मात्र देवच पाण्यात घातले होते.

स्पर्धा पेडण्यात, एका सभागृहात. परीक्षक म्हणून पणजीहून एक वयस्कर गायनशिक्षिका आलेल्या. आमच्या आधीच्या शाळेचा पेटीवाला असा तयारीचा की बोटं दिसत नव्हती. पण मुलंही ऐकू येत नव्हती! परीक्षकबाई कपाळाला आठ्या घालून काहीतरी लिहीत होत्या. मी मनात म्हटलं, एवढा वाजवणारा असून ही गत, मग आपली तर जाहीर धिंडच.

आमचं नाव पुकारलं. मी पेटी मांडली, खुंट्या ओढल्या आणि घाम पुसायला वळलो. सानवी रुमाल घेऊन पुढे आली. "पप्पा, धूळ आसा. मी पुसतंय." गुणी पोर! माझे डोळे भरून आले.

परबबाईंनी गुणगुणून सूर दिला. मुलं सुरू झाली, मीही सुरू झालो. आणि मला काही ऐकूच येईना! भाता दगडासारखा जड. वाटलं, भीतीने हात जड झालाय आणि कानांत दडे बसलेत. ऐकलं होतं, माणूस जाण्याआधी असंच होतं म्हणे. मी अजून जोर लावला. नाहीच!

दुसऱ्या कडव्याला खाली बघितलं. सगळ्या खुंट्या आत!

अरे देवा! घाबरून मी ओढायच्या ऐवजी ढकलल्या की काय? आता काय करू? मध्येच ओढल्या तर पेटी किंचाळणार. चालू लाईनला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो पाळला. डोळे मिटले, फोटोतल्यासारखे, आणि मुक्या पट्ट्यांवर बोटं नाचवत राहिलो.

आणि तेव्हा मी मुलांना पहिल्यांदा नीट ऐकलं. अठरा बारीक आवाज, एकमेकांना धरून चाललेले. त्यात सानवीचा मला वेगळा ओळखू आला. खरं सांगतो, त्या एका कडव्यापुरती माझी भीती पार गेली.

निकाल लागला. आमच्या शाळेचा दुसरा क्रमांक! मी टाळ्या पिटत होतो तेवढ्यात परीक्षकबाई माईकजवळ आल्या.

"लहान मुलांचा आवाज नाजूक असतो. आज बहुतेक साथीदार मुलांच्या डोक्यावर बसले. एकच गृहस्थ असे भेटले की पेटी आहे हे जाणवलंसुद्धा नाही. याला म्हणतात संयम! उत्कृष्ट साथसंगतीचं बक्षीस..."

आणि माझं नाव! सभागृहात टाळ्या. प्रमाणपत्र हातात, आणि वर परीक्षकबाई म्हणतात, "इथल्या शिक्षकांसाठी दोन शब्द सांगा."

शहाण्या माणसाने काय केलं असतं? नमस्कार करून खाली उतरला असता. मी माईक धरला. म्हटलं, "साथ करणाऱ्याने स्वतःला विसरायचं असतं. आवाज काढणं सोपं, न काढणं कठीण. त्याला वर्षांची साधना लागते." अजून चार वाक्यं बोललो, ती सांगत नाही. पुढच्या रांगेत परबबाईंना खोकल्याची अशी उबळ आली की पदर तोंडात धरून त्या बाहेर गेल्या. दुसऱ्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर माझा नंबर घेतला.

परतीच्या बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती. सानवी खिडकीपाशी, माझ्या मांडीवर प्रमाणपत्र. मला राहवेना. बापाने पोरीशी तरी खरं बोलावं.

"सानू, एक गजाल सांगू? कोणाक सांगू नको. भियान मी खुंटयो भितुर ढकललंय. पेटी वाजूकच नाय."

"तुमी नाय, पप्पा. तुमी बरोबर ओढललात." तिने हातातल्या पावाचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "मीच पुसताना भितुर घातलंय. आमी सगळ्यांनी ठरयललां. बाईंकय म्हायत आसा."

"कित्या गो?"

"तुमीच सांगतात मां, खांबार मनीस चडच्या आदी लायन बंद करूक व्हयी, नायतर तेका शॉक बसता म्हणान?" ती म्हणाली. "आज खांबार आमी होतंव."