इंगळ्यांची लाल खूण

ही गोष्ट मी वीस वर्षे टाळली. आता सत्तरी उलटली आहे. लिहून टाकतो.

इंगळे आमच्या अकोल्याच्या कारखान्यात माल तपासायचे. तिथे दाबाखाली वायू साठवायच्या टाक्या बनत; माल पुढे पाठवायच्या कागदांवर सही माझी असे. टाकीला पाइप जोडायचे जाड पोलादी कडे, म्हणजे फ्लँज, आला की इंगळे आधी त्यावरून अंगठा फिरवत, पोलादाच्या जातीचा ठसा वाचत आणि मगच खडू काढत. पांढरी खूण म्हणजे चाचणी नको. लाल म्हणजे तुकडा कापा, गोठवा, हातोड्याने तोडून बघा. "मानसाची जात इचारू नये साहेब," ते म्हणत, "पोलादाची इचारल्याबिगर हात लावू नये." अकोटहून रोज एसटीने येत. भाकर-ठेचा उभ्यानेच खात.

एकदा एका थंड वायूच्या टाकीसाठी फ्लँज मिळेना. बाजारातल्या ठरीव मापाच्या फ्लँजला नियमात या चाचणीतून सूट असते. आम्ही मात्र जाड ठोकळ्यातून कारखान्यातच कातून घेतला. इंगळ्यांनी लाल खूण केली.

"अहो, पोलाद तेच आहे," मी म्हणालो.

"पोलाद तेच, पन जाडी पाहा. तापवून निववल्याचा दाखला कुठी हाय? थंडीत हे काचेवानी फुटते. काहून घाई करून राहिले?"

चाचणीच्या अहवालाला आठवडा लागला असता आणि ट्रक दारात उभा होता. ते जेवायला गेले तेव्हा मी ओल्या फडक्याने लाल खूण पुसली, पांढरी ओढली आणि कागदावर 'सूट' लिहून सही केली.

ग्राहकाकडे पहिल्याच थंड चाचणीत फ्लँज तडकला. माणसे वाचली, हे नशीब. मालकांनी दोघांना बोलावले. मी म्हणालो, "खुणा इंगळे करतात. मी पांढरी पाहून सही केली."

"साहेब, तुमी तरी सांगा ना," इंगळे माझ्याकडे वळले. "मी लालच लावली होती."

मी टेबलावरचे कागद सरळ करत राहिलो. त्याच दिवशी त्यांना काढले.

मागच्या हिवाळ्यात अकोटला गेलो. बसमध्ये एकच वाक्य घोकत होतो. इंगळे फार थकले होते, तरी उठून खुर्ची दिली. "चहा मांड वं, आपले साहेब आले," बायकोला म्हणाले. मग हळूच विचारले, "आता तरी तसले फ्लँज तपासून राहिले का?"

"हो," म्हणालो. तेही मला नक्की माहीत नव्हते.

"मंग बेस झालं."

चहा संपला. चारच्या बसचे निमित्त करून उठलो. उन्हाळ्यात ते गेले.

वाक्य एवढेच होते: इंगळे, तुमची लाल खूण मी पुसली, मला माफ करा.