जिभेखालची गोळी

"बिचारी. एवढीशी पोर, आनि हिला पन लागलंय."

"नाय गं, कपडे बघ. चांगल्या घरची दिसते."

"मंग? चांगल्या घरच्यांना लागत नाय काय?"

सरकारी दवाखान्यातल्या बाकावर, माझ्या मागे, दोन बायका बोलत होत्या. माझ्याबद्दल. दादा आत गोळी घ्यायला गेला होता. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि त्यांना वाटलं, पेशंट मीच. मागे वळून एवढंच म्हणायचं होतं की मी नाही, माझा भाऊ. पण तेही मला म्हणता आलं नाही. दादा बाहेर आला तेव्हा मी त्याच्याकडे न बघता उठले आणि रिक्षापर्यंत त्याच्या चार पावलं पुढे चालत गेले.

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मैत्रिणींना माहीत आहे की माझा भाऊ गेला. कशाने, हे काहींना माहीत आहे. माझा त्यात काय वाटा होता, ते कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगता येतंय — तेही अडखळत.

आमचं गाव पनवेलला लागूनच. शेत होतं, ते विमानतळात गेलं. मोबदला आला तेव्हा दादा गावच्या शाळेतून बाहेर पडून डंपरवर बसायला लागला होता आणि मी बालवाडीच्या वयाची होते. म्हणून इंग्रजी शाळा माझ्या वाट्याला आली. त्याला याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट मित्र आले की मला हाक मारायचा, "बाय, जरा इंग्लिश बोलून दाखव यांना." मी लाजून आत पळायचे.

गर्द त्याला डंपरच्या लाइनवर लागली. भरावाचं काम, जागरण, सोबतीची पोरं, पन्नीवर जाळून ओढायची ती पूड. आम्हाला कळेपर्यंत तो निम्मा झाला होता. बाबा तेव्हा नव्हते. गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून आईने त्याला लांबच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथून तो डोकं भादरून परत आला. तिथे काय झालं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दाराला आतून कडी लावली की तेवढा दचकायचा. आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू.

मग सरकारी दवाखान्यात यावर गोळी मिळते असं कळलं, आणि आईनेच त्याला तिथे जायला लावलं. गर्द सुटताना अंग मोडतं, उलट्या होतात, माणूस भिंतीवर डोकं आपटतो. ही गोळी जिभेखाली विरघळली की ते थांबतं, तलबही थांबते. पण ती घरी देत नाहीत. रोज जायचं, नर्सच्या समोर ठेवायची, विरघळली की तोंड उघडून दाखवायचं. डॉक्टर अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलायचे. घरात त्यांच्याशी बोलू शकेल अशी मी एकटीच. म्हणून रोज, ऑफिसच्या आधी, त्याच्याबरोबर मी.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. गोळीत त्याच जातीचं औषध आहे, पण हे औषध आहे — साखरेच्या पेशंटची गोळी जशी चालू ठेवतात, तशी ही बराच काळ चालू ठेवायची. आणि मनाने बंद करायची नाही. बंद केली आणि तो पुन्हा गर्दकडे गेला, तर शरीराची सवय मोडलेली असेल. तो जुन्या मापाने घेईल, ते झेपणार नाही. "यू अंडरस्टँड?" असं त्यांनी विचारलं. मी "येस, डॉक्टर" म्हणाले. मला सगळं समजलं होतं.

त्याच आठवड्यात आईने त्याला कार्ल्याला एकवीरेच्या पायांशी नेलं. आमच्यात मोठी शपथ तिथेच घेतात. हातात नारळ देऊन त्याच्याकडून वदवून घेतलं, या तोंडात परत नशा नाय घालनार.

आणि तो सुधारला. खरंच सुधारला. बोंबलाचं कालवण दोनदा मागून घ्यायला लागला. डंपर धुतला. दवाखान्यातून येताना रिक्षात म्हणायचा, "बाय, माती खाल्ली काय म्हनून आये माझं तोंड उघडून बघायची ना, तशीच बघते ती नर्स." रिक्षावालाही हसायचा. मी हसायचे नाही. कुणी ओळखीचं दिसतंय का, ते बघत असायचे.

आईला वाटायचं, ही देवीची कृपा. मी तिला गोळीबद्दल फारसं सांगितलंच नव्हतं. "औषध आहे" एवढंच. मग बाजारात तिला कुणीतरी सांगितलं, त्या दवाखान्यात नशेवर नशाच देतात.

त्या बायकांचं बोलणं मी ऐकलं, त्याच दुपारची ही गोष्ट. मी ऑफिसला गेलेच नव्हते. आई ओट्यापाशी कोलंबी सोलत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "बाय, खरं सांग. त्या गोलीत नशा हाय काय?"

आता बघा — मला काय सांगायला हवं होतं? डॉक्टरांची चार वाक्यं. मला ती पाठ होती. आई ऐकून घेणारी आहे. गावात हळदीला धवले गाते, लग्नघरात तिचा शब्द चालतो. नीट सांगितलेलं तिला कळतं. पण मला तो बाक दिसत होता. उद्या पुन्हा, परवा पुन्हा, महिनेच्या महिने. मला एवढंच दिसलं की इथे एक शब्द बोलले, की हे सगळं संपतं.

मी म्हणाले, "हो."

"मंग नको," आई म्हणाली. "एकवीरा आईच्या पायाशी बोललाय तो."

संध्याकाळी दादा माझ्या खोलीच्या दारात आला. "बाय, डॉक्टर तं बोलला व्हता ना, बंद नाय कराची?" मी मोबाइलवरून मान वर केली नाही. म्हणाले, "आईला विचार." माझ्यावर त्याचा विश्वास होता — इंग्रजी मला येत होतं ना. तो निघून गेला.

मी थकले होते असं म्हणू का? लहान होते म्हणू? नोकरीचं वय होतं माझं. लाज वाटत होती. भावाची लाज वाटत होती, एवढंच.

तो आधी आजारी पडला. मग घराबाहेर राहायला लागला. मग एका दुपारी, उभ्या डंपरच्या केबिनमध्ये सापडला. डॉक्टर म्हणाले होते अगदी तसंच.

आईने त्याचा अर्थ स्वतःच्या परीने लावला. शपथ घेऊन त्याने नशेची गोळी तोंडात घातली, म्हणून देवीने नेला. आणि त्याला तिथे पाठवलं कुणी? तिनेच. तेव्हापासून तिने धवले गायचं सोडलं. हळदीचं बोलावणं आलं की म्हणते, माझं तोंड चांगलं नाय. मी हे ऐकते. ऐकत आले. दर वेळी वाटायचं, आज सांगू. आणि दर वेळी तिला भाजी कुठली करायची ते विचारायचे.

मागच्या रविवारी शेजारची नंदाकाकी आली. तिच्या रोशनलाही तेच लागलंय, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या घरी येऊन ते बोलायला तिला फार जड गेलं असणार. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वयनी, दवाखान्यातले लोक जिभेखालची गोली देतो बोलतात. पोरगा तयार हाय. तू काय बोलतेस?"

"नको घालू देऊस तोंडात," आई म्हणाली. "माझा गेला तसाच. आमची बाय इंग्रजी शालेत शिकलेली हाय, डॉक्टरचं सगलं समजतं तिला. तिनंच मना सांगितलं, नशा हाय ती."

काकीने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. तिने मान हलवली. "बरं झालं इचारलं," म्हणत उठली, चपला शोधायला लागली.

मी म्हणाले, "काकी, थांबा. रोशनला उद्याच घेऊन जा, आणि गोळी बंद करू नका. ते औषध आहे. आई, दादाची गोळी चालू ठेवायला सांगितलं होतं डॉक्टरांनी. मला समजलं होतं. मला तिथे बसायची लाज वाटत होती, म्हणून मी तुला हो म्हणाले."