उस्तादांच्या लेकीची बाही

यादिराच्या भाजलेल्या हातावरची घट्ट बाही तिसऱ्यांदा ढिली झाली, तेव्हा एर्मेलिंदाचं डोकंच फिरलं. आपल्या हातची शिवण अशी सैल पडते? छे! शोभेची दारू बनवणाऱ्या या गावात तिनं चाळीस वर्षं पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे शिवले होते. पोरी नाचून नाचून दमायच्या, पण टाका हलायचा नाही.

पुढे दवाखान्याला भाजलेल्यांचे घट्ट कपडे शिवायला माणूस हवं होतं. "आजी, हे तुमच्या झग्यांसारखं नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "दाब किती हवा तेवढं सांगा, अंगाला बसवणं माझ्यावर सोडा," असं म्हणून बाई मशीन घेऊन बसलीच.

दाब कशासाठी, हे तिनं डॉक्टरांचं डोकं खाऊन समजून घेतलं. जखम भरताना आतल्या पेशींना ताण जाणवतो. ताण बसला की त्या जास्त तंतू घालतात आणि स्वतःही आखडतात. त्यानं कातडी अजून ताणली जाते, की त्यांना अजून चेव! वण जाड होतो, सांधा आवळतो. वरून रात्रंदिवस सारखा दाब ठेवला, तर त्या जरा नरमतात. एकोणीस वर्षांच्या यादिराचं भाजलेलं कोपर असंच आवळत चाललं होतं. अजून दोन महिने असेच गेले असते, तर हात कायमचा मुडपला असता.

एर्मेलिंदानं बाही उलटी केली. शिवण ब्लेडनं कापून पुन्हा सैल घातलेली होती, तीही फटाक्यांच्या वाती बांधायच्या मेणाच्या दोऱ्यानं. ती तडक यादिराच्या बापाच्या, उस्ताद फिदेन्सिओच्या शोभेच्या दारूच्या कारखान्यात गेली.

"उस्ताद, माझ्या शिवणीला ब्लेड लावताना हात कसा धजला तुमचा?"

"पोर कळवळते, बाई! बाप आहे मी, कसाई नाही. जरा सैल केली तर काय आभाळ कोसळलं?"

"कोसळलंच! आतल्या पेशींना तुमची माया नाही कळत. त्यांना दाब कळतो, ओढ कळते. तुम्ही सैल सोडता आणि त्या हात आत खेचतात."

"खेचू देत! मी आहे ना जन्मभर सांभाळायला."

"आणि मला कुणी विचारलंय?" यादिरा दारातून ओरडली. "मला नाही सांभाळून घ्यायचं, पपा! बाई, नवीन माप घ्या."

शुक्रवारी नवी बाही आली. ती चढवायला दोन माणसं लागणार होती. एर्मेलिंदानं मनगट धरलं आणि वरचं टोक मुद्दाम फिदेन्सिओच्या हातात दिलं. बाही कोपरापर्यंत आली आणि यादिरा किंचाळली. फिदेन्सिओचे हात जागच्या जागी थांबले. तो ढसाढसा रडायला लागला.

"थांबलात कशाला?" यादिरा दात आवळून म्हणाली. "ओढा, पपा!"