घोट्यावरचं व्हायोलिन

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझे पंच्याहत्तरीचे सासरे बॉनमधल्या एका व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात, बूट काढून, चक्क जमिनीवर बसले.

आमची ती तिसरी खेप होती. सासऱ्यांची मराठी, कारागिराची जर्मन आणि मधे दमलेला मी. तोवर कळलं होतं ते एवढंच, की सासऱ्यांचं हे तडा गेलेलं व्हायोलिन एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच माणसाने घडवलं. जन्मभर तो एकाच खोलीत काम करत राहिला, आणि टोकाची कोरीव गुंडाळी त्याने कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. तीच गुंडाळी एका बाजूने झिजली होती. कारागीर म्हणाला, "तडा सांधतो, आणि नवं लाकूड बसवून ही झीजही भरून काढतो."

मी घाईने "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हणून टाकलं आणि मग सासऱ्यांना सांगितलं.

"अहो, भरून काय काढतोय? चाळीस वर्षं घोट्यावर टेकवून वाजवलंय, तेव्हा ती जागा झालीय. भरली तर घसरेल ते."

याचं भाषांतर करायचं त्राण माझ्यात नव्हतं. शेवटी तेच खाली बसले आणि त्यांनी गुंडाळी उजव्या घोट्यावर टेकवली. झीज हाडावर अचूक बसली. तडा खरखरत असतानाही त्यांनी भूपाचे चार सूर वाजवले. कारागीर वाकून बघत राहिला. मग त्याने कामाच्या कागदावरची दुसरी ओळ खोडली.

मी त्याचे आभार मानू लागलो, तसे सासरे म्हणाले, "जावईबापू, ते नंतर. आधी मला उठवा."