धोंडाबाईचा कोळसा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा भोर–पुणे सर्व्हिस मोटारीच्या मालकानं तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. भट्टीत कोळसा धुमसायचा, त्याचा गॅस नळीवाटे इंजिनात जायचा आणि मोटार चालायची. म्हणजे चालायला हवी होती. ड्रायव्हर जलील सकाळी अर्धा तास हातानं पंखा फिरवायचा, तरी मोटार दोन मैलांवर जाऊन खोकायची आणि थांबायची.

आंबवड्याच्या वरच्या वाडीतली धोंडाबाई बाजाराच्या दिवशी भोरात यायची. नवरा गेल्यापासून कोळसा पाडण्याचं काम तिनंच धरलं होतं. सोनार, लोहार, इस्त्रीवाला ही तिची ठरलेली गिऱ्हाइकं. एका बाजाराला ती शेजाऱ्याच्या बैलगाडीतून पोती उतरवत होती, आणि पलीकडे जलील मोटारीशी भांडत होता.

ती हातातलं पोतं ठेवून त्याच्यापाशी गेली. त्याच्या पोत्यातला एक कोळसा उचलून तिनं मोडला, नाकाशी धरला.

"ह्यो कोळसा न्हाई बाबा. आत लाकूडच हाय अजून. धूर धरतंय त्ये."

"मग कसला घालू, मावशी?"

तिनं आपल्या पोत्यातले दोन तुकडे एकमेकांवर आपटले. काचेसारखे वाजले. "ह्यो ऐनाच्या लाकडाचा. सुपारीएवढं तुकडं कर, चाळून भुगा काढ, आन् वल लागू दिऊ नगंस."

त्या दिवशी मोटार वाटेत एकदाही थांबली नाही. तेव्हापासून मोटारीचा कोळसा धोंडाबाईचा.

ती स्वतः मात्र मोटारीत बसत नसे. एकदा बसली होती. लेक चंद्रा धनकवडीला दिलेली. चार वर्षांपूर्वी तिला भेटायला निघाली, तर पेट्रोलच्या वासानं असं डोकं फिरलं, की कापूरहोळाला उतरून पायी माघारी आली. पुढं गुडघे गेले. चालवतही नाही आणि मोटारीत बसवतही नाही. सासरी शेतीचं काम मोठं, म्हणून चंद्रालाही कोणी सोडत नव्हतं. मध्ये तिला मुलगी झाल्याचा निरोप आला, तेवढाच.

हे तिनं जलीलला एकदा पोतं मोजता मोजता सांगितलं. तो हसलाच.

"आवं मावशी, आता पेट्रोल हाय कुठं? वास येतो त्यो तुमच्याच कोळशाचा!"

धोंडाबाईनं पोत्याचं तोंड आवळलं. दोन बाजार गेले. तिसऱ्याला ती धुतलेलं लुगडं नेसून, आंबेमोहराची पिशवी काखेत घेऊन मोटारीपाशी उभी राहिली. जलीलनं आपल्या शेजारची जागा पुसून दिली.

शिवापूरपर्यंत ती खिडकीची दांडी घट्ट धरून होती. मग हात सैल झाला. कात्रजच्या चढाला मोटारीचा दम तुटला. उतारू सवयीनं खाली उतरले. धोंडाबाईही उतरायला लागली.

"तुमी बसा," जलील म्हणाला.

"समदी चालत्यात आन् म्या बसू? लाज वाटती."

"बसा म्हणतो ना."

ती बसली, पण स्वस्थ नाही. तो गाडी ओढत होता, इंजिन घुसमटत होतं. "नगं वढूस," ती म्हणाली. "भट्टीला जरा दम खाऊ दे. सळई घालून खालची राख मोकळी कर. वारा जाईना आत."

जलीलनं राख पाडली. दहा मिनिटं सगळे दरडीच्या सावलीत बसले. कुणी कुरकुरलं, कुणी पान जमवलं. मग मोटार हळूहळू चढली. उतारू दोन्ही बाजूंनी चालत होते, आणि मधोमध मोटारीत एकटी धोंडाबाई डोक्यावरचा पदर सावरत समोर बघत होती.

धनकवडीला चंद्रा अंगणात भात पाखडत होती. मोटार रस्त्याला थांबलेली तिनं पाहिली, पण उतरलेली बाई ओळखली नाही. तोंड भट्टीच्या काजळीनं काळं झालेलं.

"चंद्रे," बाई म्हणाली.

सूप खाली पडलं. चंद्रा धावत आली आणि मिठी मारायच्या आधीच आईचं तोंड पदरानं पुसू लागली. पुसताना तिला रडू आलं, त्यामुळे काजळी नुसतीच पसरली.

"आये, मोटारीनं आलीस? तू?"

"व्हय. पोर कुठाय?"

दाराआडून तीन वर्षांची मुलगी बघत होती. ती काळ्या तोंडाच्या आजीला भ्याली. चंद्रानं पाणी तापवलं, आईला चुलीपाशी बसवून तोंड धुतलं, पाय धुतले, गुडघ्यांना तेल चोळलं. हे चालू असताना पोरगी एक एक पाऊल जवळ आली आणि शेवटी आजीच्या मांडीवर टेकली. जावई शेतातून आला. सासूचे सुजलेले गुडघे त्यानं बघितले आणि खाली बघत म्हणाला, "आमीच पाठवायला पायजे हुतं हिला."

लढाई संपेपर्यंत धोंडाबाई आठ-दहा वेळा धनकवडीला गेली. मग पेट्रोल आलं, मालकानं भट्टी उतरवली. हे तिला कसं सांगावं या काळजीत जलील दोन दिवस होता. तिनं ऐकलं, मान हलवली. "बरं झालं. तुजं हात तरी पांढरं ऱ्हातील."

पेट्रोलची मोटार सासूला सोसणार नव्हती, म्हणून जावयानंच आता चंद्राला पाठवलं. त्या दिवाळीला चंद्रा मोटारीनं भोरला आली. स्टँडवर धोंडाबाई सकाळपासून बसली होती. जलीलनं मोटार पुढं नेऊन लावायची ती तिच्या अगदी पायाशी उभी केली, उतरून दार उघडलं, आणि झोपलेल्या नातीला उचलून आजीच्या मांडीवर ठेवलं.