चंदाचं उशिराचं हसू

बाजाराच्या दिवशी चंदाची आई तिला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवते. मी बोलले की म्हणते, “बाई, एका दिवसानं काय बिघडतं?” या प्रश्नाला मी अगदी विटले आहे.

कालही ती शाळेत नव्हती. आज वर्गात कालच्या गोष्टीतल्या माकडाचं नाव निघालं आणि सगळी मुलं खिदळली. चंदाही हसली, पण इकडेतिकडे बघून, सगळ्यांच्या मागून. कशाला हसायचं, हे तिला ठाऊकच नव्हतं. बुडालेलं गणित मी पुन्हा शिकवीन. सगळ्यांबरोबरचं हसू कुठून आणू?

मधल्या सुट्टीत ती हळूच आली. “बाई, माकडानं काय केलं?”

तिच्या आईवर मनात चरफडत मी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिनं मन लावून ऐकली. एकटीला मात्र हसू येईना.