बरगड्यांना फासलेला शेंदूर

पांडेसरात तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला, की मला नव्वदच्या दशकातली कामरेजपलीकडची चुनखडीची खाण आठवते. तिथे गुजराती ठेकेदाराच्या हाताखाली माझी खानदेशी मामी दगड फोडायची. एका सकाळी दगडात रुतलेल्या जाड बरगड्या उघड्या पडल्या. मी बोलावून आणलेल्या माझ्या कॉलेजातल्या सरांनी त्या पाहताक्षणी ओळखल्या. समुद्रगायीच्या! म्हणजे इथे कधीकाळी उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी हे अवाढव्य प्राणी समुद्री गवत चरत होते.

बरगड्या दगडातून सोडवायला माणसं आणतो, असं सांगून सर गेले. ठेकेदार थांबेना. "हाडकांसाठी काम बंद? क्रशरमध्ये टाका!"

मी तावातावाने आमच्या कॉलेजातल्या विज्ञान मंडळाचं पत्रक वाचून दाखवलं.

"भाषण पत्युं?" संपलं का, असं विचारत तो हसला.

नवा कडा फोडण्याआधी पूजेला लागतो म्हणून मामीकडे शेंदूर असायचाच. तिने तो बरगड्यांना फासला आणि ठेकेदाराकडे वळली. "लाव आते हात!"

ठेकेदाराने चपला काढल्या. संध्याकाळी सर आले, तेव्हा बरगड्या शाबूत होत्या.

मामीचा मला तेव्हाही अभिमान वाटला, आजही वाटतो. पण संताप जात नाही. एवढा जुना समुद्र, आणि वाचण्यासाठी त्याला या देशात देवच व्हावं लागलं!